नेट स्लो झालं म्हणून कंपनी बदलायच्या आधी कपाट सरकवून बघा

मागच्या उन्हाळ्यात एका रात्री साडेनऊला आमच्या दाजींचा फोन आला. दाजी सोलापुरात विजापूर रोडला, सैफुलच्या पुढं राहतात, आणि मॅच चालू असताना त्यांचा फोन आला म्हणजे काहीतरी बिनसलंय हे समजायचं. "शंभरचा प्लॅन घेतलाय रे, आणि नुसतं गोल गोल फिरायलंय. उद्या सकाळी काढूनच टाकतो हे कनेक्शन, तू सांग कुठलं घेऊ." म्हटलं दाजी, काढायचं तर काढा की, पण वायफायचा डबा कुठं ठेवलाय ते आधी सांगा. तर म्हणे शोकेसमध्ये, टीव्हीच्या मागं, आणि धूळ बसू नये म्हणून ताईनं वरून टॉवेल टाकलाय. टॉवेल अर्थातच सोलापुरी, चांगला जाडजूड.

दुसऱ्या दिवशी गेलो. बाहेर ४३ डिग्री, आणि काचेच्या शोकेसमध्ये टॉवेलखाली तो डबा असा तापला होता की हात ठेवता येईना. टॉवेल काढला, डबा उचलून हॉलच्या भिंतीवर डोक्याच्या वर खिळा ठोकून अडकवला, आणि आतल्या खोलीत स्पीड टेस्टला जिथं ११ एमबीपीएस यायचे तिथं ६० च्या वर गेले. कनेक्शन तेच, कंपनी तीच, बिल तेच. तेव्हापासून नात्यात कुणाचं नेट अडलं की मला फोन येतो. मी काही नेटवाला नाही, जुळे सोलापुरात घरी बसून पुण्याच्या ऑफिसचं काम करतो, नेट गेलं की माझी पंचाईत होते म्हणून नाइलाजानं शिकलोय एवढंच. सारखं फोनवर सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवतो.

तर पहिलं काम म्हणजे स्लो नक्की कुठं आहे ते शोधायचं. घरात, गल्लीत, की कंपनीत. हे न शोधता कंपनी बदलली तर नवीन कंपनीचा डबा पण त्याच शोकेसमध्ये जाणार आणि सहा महिन्यांनी तुम्ही परत शिव्या घालणार.

त्यासाठी मोबाईल-लॅपटॉपवरच्या ॲपची स्पीड टेस्ट तारेनं करायची. वायफायवर टेस्ट करून कंपनीला नावं ठेवणं म्हणजे आपल्या बादलीत किती पाणी पडलं यावरून उजनी किती टक्के भरलंय ते सांगण्यासारखं आहे. लॅपटॉप घ्या, राउटरच्या, म्हणजे त्या वायफायच्या डब्याच्या, मागं लॅन लिहिलेल्या भोकात केबल लावा, लॅपटॉपचं वायफाय बंद करा (हे निम्मे लोक विसरतात, तार लावतात आणि टेस्ट वायफायवरच होते), बाकी सगळ्यांच्या मोबाईलचं आणि टीव्हीचं वायफाय पाच मिनिटं बंद ठेवायला सांगा, यावरून घरात भांडण होतं म्हणून सगळे जेवायला बसले की उरकून घ्या. नवीन लॅपटॉपला लॅनचं भोक नसतं, तर यूएसबीला लावायचा अडॅप्टर कुठल्याही कॉम्प्युटरच्या दुकानात मिळतो, घेताना गिगाबिटचा मागा, साधा घेतला तर तो १०० च्या वर जाणारच नाही. मग तोच लॅपटॉप त्याच जागी वायफायवर, मग आतल्या खोलीत वायफायवर. तारेवर ९५ आणि बेडरूममध्ये १२ असेल तर कंपनीचा काही दोष नाही, दोष भिंतीचा नाहीतर डब्याचा. तारेवरच २० येत असतील तर मग पुढं बघू.

आणि एकदा टेस्ट मारून निकाल लावायचा नाही. सकाळी सातला, दुपारी आणि रात्री साडेनऊला, असं चार दिवस करा. मी आमच्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाच्या खालीच आकडे लिहीत होतो, "अर्धा लिटर जास्त, ९४, ९२, ३१". बायको म्हणाली हे दूध मोजायचं कॅलेंडर आहे की तुमचं ऑफिस, पण नंतर कंपनीच्या माणसापुढं तेच कॅलेंडर धरलं तेव्हा तो गप्प बसला. सकाळी ९४ आणि रात्री ३१ याचा अर्थ लाइन चांगली आहे, पण रात्री सगळी गल्ली एकदम नेटवर बसली की पुढं कोंडी होतेय.

आता एक घोळ आधीच मिटवू, कारण यावरून अर्ध्या तक्रारी उगाच होतात. प्लॅनमध्ये १०० एमबीपीएस लिहितात ते मेगाबिट, आणि फाइल डाउनलोड होताना कॉम्प्युटर दाखवतो ते मेगाबाइट. ८ बिटचा एक बाइट. म्हणजे १०० च्या प्लॅनवर डाउनलोडमध्ये साडेबारा दिसले तर ते पूर्ण १०० आहेत, एक जीबीची फाइल साधारण दीड मिनिटात उतरते. आमच्या शेजारच्या काकांनी "शंभर सांगून बारा देतात, चोर आहेत" म्हणून लाइनमनला दारात उभं करून झापलं होतं, त्या बिचाऱ्याला पण उत्तर देता येईना.

दुसरा घोळ म्हणजे टेस्ट कुठल्या सर्व्हरवर होतेय. स्पीडटेस्टचं ॲप आपोआप जवळचा सर्व्हर धरतं, आणि कधी कधी तो तुमच्याच कंपनीचा असतो, म्हणजे डबा आणि कंपनीचं ऑफिस एवढ्या रस्त्यावरचाच स्पीड मोजला जातो, तो मस्तच येणार. सर्व्हर बदलून मुंबईचा किंवा पुण्याचा, दुसऱ्या कंपनीचा निवडा आणि परत मारा. नेटफ्लिक्सची फास्ट डॉट कॉम आहे ती नेटफ्लिक्सच्याच सर्व्हरवरून मोजते, ती पण बघा. यूट्यूब आणि नेटफ्लिक्स हे लोक त्यांचे व्हिडिओ साठवलेले सर्व्हर बऱ्याच इंटरनेट कंपन्यांच्या आतच बसवतात, त्यामुळं यूट्यूब पळतं आणि ऑफिसचं व्हीपीएन (घरून ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारी सुरक्षित वाट) रांगतं असं होऊ शकतं. यूट्यूब घरातल्या डब्यातल्या शेंगा चटणीसारखं, हात घातला की हजर, पण ऑफिसचं काम बाहेरून मागवावं लागतं आणि कंपनीनं बाहेरची वाट कमी विकत घेतली असेल तर रात्री तिथं लाइन लागते. म्हणून कुणी "माझ्याकडं तर यूट्यूब एकदम फास्ट चालतंय की" म्हटलं तर त्यावरून कनेक्शन घेऊ नका, विशेषतः घरून काम असेल तर.

घरातलं आधी

डब्याची जागा, हे मी सगळ्यात जास्त वेळा सांगतो. घराच्या मध्यावर, उंचावर, मोकळ्यावर. लोखंडी कपाटाजवळ नको, फ्रिजच्या मागं नको, फिश टँक आणि पाण्याच्या टाकीजवळ नको कारण पाणी वायफाय पिऊन टाकतं, आरशामागं नको. लाइनमन कनेक्शन देताना दारातून आत आल्या आल्या पहिल्या प्लगजवळ डबा बसवून मोकळा होतो, त्याला तेवढीच तार टाकायची असते, तेव्हाच अडून बसा की मला पॅसेजमध्ये पाहिजे. चार मीटर तार जास्त लागली म्हणून काही बिघडत नाही.

बाळीवेस, साखर पेठ, कन्ना चौक इकडच्या जुन्या घरात दीड-दीड फुटाच्या दगडमातीच्या भिंती असतात, माळवदाचं घर असेल तर खालच्या खोलीत उन्हाळ्यात गार वाटतं पण वायफायचा जीव तिथंच जातो. तिथं कितीही भारी राउटर आणला तरी एका डब्यात भागत नाही. लोक मग हजार रुपयाचा रिपीटर आणून प्लगला लावतात, तो ज्या हवेतून घेतो त्याच हवेतून परत फेकतो म्हणून स्पीड जवळपास निम्मा होतो, दांड्या पूर्ण दिसतात आणि नेट रडतं. त्यापेक्षा मुख्य डब्यापासून आतल्या खोलीपर्यंत लॅनची तार ओढा आणि तिथं दुसरा साधा राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे तारेतून आलेलं नेट तिथं वायफायनं द्यायला, लावा, जुना पडलेला असेल तरी चालतो. तार भिंतीवरून दिसते म्हणून घरच्यांची नाराजी थोडे दिवस असते.

वायफायची नावं दोन दिसतात ना, एक साधं आणि एक शेवटी ५जी लिहिलेलं, त्याचा मोबाईलच्या फाइव्ह-जीशी काही संबंध नाही. ते २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. २.४ लांब जातं, भिंत ओलांडतं, पण हळू आणि गर्दीचं, कारण आजूबाजूच्या बारा घरांचे डबे, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह सगळे त्याच पट्ट्यात बोंबलतात. ५ वालं पळतं पण दोन भिंतीत दमतं. टीव्ही आणि लॅपटॉप ५ वर, लांबच्या खोलीतला मोबाईल आणि कॅमेरा २.४ वर ठेवा. २.४ मध्ये चॅनेल १, ६ आणि ११ हे तीनच एकमेकांत घुसत नाहीत, मोबाईलवर वायफाय ॲनालायझरचं ॲप टाकून बघा, शेजारचे सगळे ६ वर दिसले तर आपण १ नाहीतर ११ वर जायचं. ते राउटरच्या सेटिंगमध्ये बदलता येतं, ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकलं की बऱ्याच राउटरचं पान उघडतं, पासवर्ड डब्याच्या खाली स्टिकरवर असतो. बऱ्याच ठिकाणी कंपनीनं फुकट दिलेला डबा फक्त २.४ वालाच असतो, त्याच्यावर ३०० लिहिलेलं असलं तरी गर्दीच्या गल्लीत प्रत्यक्षात ४०-५० च्या वर क्वचित जातो. अशा डब्यावर २०० चा प्लॅन घेणं म्हणजे रिक्षाला ट्रकचं इंजिन लावणं. आधी ड्युअल बँड (२.४ आणि ५ दोन्ही देणारा) राउटर, मग मोठा प्लॅन.

आणि तुम्ही २०० किंवा ३०० चा प्लॅन घेतलाय आणि तारेवर बरोब्बर ९३-९४ वरच अडकतंय, कितीही वेळा केलं तरी, तर तो आकडाच गुन्हेगार सांगतो. मध्ये कुठंतरी १०० चा पोर्ट आहे, राउटरचा नाहीतर जुन्या स्विचचा (एका लॅन तारेवरून अनेक तारा काढायचा डबा), किंवा लॅन केबलच्या आठ तारांपैकी एखादी तुटलीय. गिगाबिटला आठही लागतात, १०० ला चारच पुरतात, म्हणून तार अर्धी तुटली तरी नेट चालूच राहतं आणि कुणाला संशय येत नाही. कॅट ५ई लिहिलेली नवी पॅच कॉर्ड (दोन्ही टोकांना पिन असलेली तयार लॅन केबल) लावून बघा, शे-दीडशे रुपयात कळतं.

नेट कोण खातंय हे पण बघा. माझा मावसभाऊ अक्कलकोट रोडला, त्याचा यंत्रमागाचा कारखाना आणि वरती घर. त्याची तक्रार अशी की डाउनलोड पूर्ण येतो तरी व्हॉट्सॲप कॉल तुटतो, बोलताना समोरचा "हॅलो, हॅलो" करत राहतो. दोन कंपन्या बदलून झाल्या होत्या त्याच्या. जाऊन बघितलं तर कारखान्यात आठ कॅमेरे, आठही चोवीस तास क्लाउडवर रेकॉर्डिंग चढवायलेत. एका कॅमेऱ्याचे २ एमबीपीएस धरले तरी १६ झाले, आणि त्याच्या प्लॅनचा अपलोड होता २०. अपलोड तुंबला की सगळंच तुंबतं, कारण तुम्ही पान उघडायला मागता ती मागणी पण अपलोडमधूनच जाते ना. कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग तिथल्याच हार्ड डिस्कवर घेतलं, क्लाउडवर फक्त हालचाल झाली तर, आणि मोबाईलवर बघायला हलकं चित्र ठेवलं. "एवढंच होतं होय बे," म्हणाला, आणि दोन कंपन्यांना जे काही बोलला होता ते आठवून जरा ओशाळला. मोबाईलचा फोटो बॅकअप आणि विंडोजचं अपडेट हे पण असेच गुपचूप खाणारे. आणि शेजारच्या पोरांना पासवर्ड दिलेला असतो तो एकदा बदला, राउटरच्या पानावर किती डिव्हाइस जोडलेत ते मोजा, आमच्याकडं चार माणसं आणि एकोणीस डिव्हाइस निघाले होते, त्यातले सहा कुणाचे ते अजून कळलेलं नाही.

डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा) बदलून १.१.१.१ किंवा ८.८.८.८ टाका म्हणून सगळे सांगतात, टाका, पान उघडायला लागणारा सुरुवातीचा वेळ थोडा कमी होऊ शकतो, पण त्यानं ३० चे १०० होत नाहीत.

गल्लीतलं, म्हणजे लाइन

आता कपाटाची गोष्ट, आणि यात चूक माझीच. दिवाळीच्या साफसफाईत आम्ही बेडरूममधलं लोखंडी कपाट भिंतीला नीट टेकवून लावलं, छान दिसायला लागलं. त्यानंतर पंधरा दिवस माझं नेट तुटत होतं, चालू मीटिंगमध्ये जायचं, दोन मिनिटांनी यायचं. मी कॉल सेंटरला रोज फोन, रोज तेच, "सर डबा बंद करून चालू करा." शेवटी लाइनमन आला, पंचविशीतला पोरगा, गळ्यात पॉवर मीटर, तारेतून उजेड किती येतोय ते मोजायचं यंत्र. त्यानं डब्यामागची पिवळी तार काढून मीटरला लावली आणि म्हणाला, "मालक, पॉवर मायनस एकोणतीस यायलंय. बाहेर डीपीला मायनस वीस हाय. म्हणजे तुमच्या घरातच कुठंतरी वायर दबलीय." डीपी म्हणजे गल्लीतली पेटी, जिथून घरोघरी तारा जातात. आणि तो सरळ तारेच्या मागं मागं चालत कपाटापर्यंत गेला, आम्ही दोघांनी कपाट वीतभर पुढं ओढलं, मीटर मायनस एकवीस. मी पंधरा दिवस कुणाकुणाला काय बोललो ते आठवून त्याला चहा पाजला, दुसरं काय करणार.

तर ती पिवळी तार म्हणजे फायबर, आत केसासारखी काच आहे, तिच्यातून उजेड जातो. विजेच्या वायरसारखी ती काटकोनात वळवून खिळ्यानं ठोकता येत नाही, जास्त वाकली की उजेड बाहेर गळतो, नेट एकदम बंद नाही होत, आजारी पडतं. जास्तीची तार गुंडाळायची असेल तर चहाच्या बशीपेक्षा लहान गोल करू नका. लाइनमनला पॉवर किती येतंय विचारा, तो आकडा वजामध्ये असतो, वीसच्या आसपास असेल तर मस्त, पंचवीसच्या पुढं गेला की काठावर, सत्तावीसच्या पुढं बहुतेक डबे माना टाकतात. हा आकडा बऱ्याच डब्यांच्या सेटिंगच्या पानावर तुम्हाला स्वतःला पण दिसतो. डब्यावर एलओएस लिहिलेला लाल दिवा लागला किंवा लुकलुकला तर उजेडच येत नाहीये, तेव्हा दहा वेळा बंद-चालू करण्यात अर्थ नाही, कुठंतरी खोदकामात तार तुटलीय नाहीतर झाडाच्या फांदीनं ओढलीय, सरळ तक्रार टाका. लाल दिवा नाही, पॉवर चांगलं, तरी तारेवर स्पीड नाही, मग प्रश्न कंपनीत.

तुटलेली तार जोडताना शक्य असेल तर मशीननं जोडून मागा. पोरं काचेचं टोक साफ करून कापतात, मशीनच्या छोट्या पडद्यावर दोन टोकं समोरासमोर येताना दिसतात, बारीक ठिणगी पडते आणि जोड होतो, बघायला मजा येते. घाईत असले की फास्ट कनेक्टर नावाचं प्लॅस्टिकचं टोपण खोचून जातात, ते चालतं, पण आपल्याकडची धूळ त्यात शिरली की पॉवर उतरायला लागतं.

कंपनी निवडताना

आता दाजींचा मूळ प्रश्न, कुठलं घेऊ. माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. कंपनीचं नाव बघून घेऊ नका, तुमच्या गल्लीतला लाइनमन बघून घ्या. जिओ, एअरटेल, बीएसएनएल असो की आपला केबलवाला, काच सगळ्यांची सारखीच, फरक पडतो तो तार तुटल्यावर संध्याकाळपर्यंत कोण येतं यात. जुळे सोलापुरात जे भारी चालतं ते शेळगीत रडत असेल आणि उलटं पण, म्हणून पुण्यातल्या भाच्याला विचारून उपयोग नाही. स्वतःच्या गल्लीतल्या तीन-चार घरात विचारा, आणि "नेट कसंय" असं विचारू नका, सगळे "चांगलंय की" म्हणतात. विचारा की रात्री नऊला कसं असतं, मागच्या पावसात किती दिवस बंद होतं, आणि लाइनमन फोन उचलतो का. तिसऱ्या प्रश्नाला माणूस खरं बोलतो.

केबलवाल्याकडून घेणार असाल तर एक तांत्रिक प्रश्न नक्की विचारा. फायबर घरातल्या डब्यापर्यंत येणार, की चौकातल्या पेटीपर्यंत फायबर आणि तिथून गच्चीगच्चीवरून लॅनची तार. दुसरं असेल तर शक्यतो नको. लॅनची तार तांब्याची, १०० मीटरच्या पुढं तिचा भरवसा नाही, मध्ये प्रत्येक पेटीत स्विच असतो त्याला लाइट लागते, म्हणजे तुमच्या घरी इन्व्हर्टर असला तरी दुसऱ्याच्या गच्चीवरची लाइट गेली की तुमचं नेट गेलं. आणि मे महिन्यात वळवाचा पाऊस आला, वीज कडाडली, की पोर्ट जळतात, कधी कधी तारेतून येऊन तुमचा राउटर पण घेऊन जातात. घरापर्यंतच्या फायबरला मध्ये सहसा लाइट लागत नाही, त्यामुळं डब्याला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावला (डब्याचं व्होल्टेज अडॅप्टरवर बघून घ्या) की दोन-तीन तास बिनघोर.

केबलवाले बरेचसे स्वतः कंपनी नसतात, मागं लायसन असलेली कंपनी वेगळी असते. लायसनचे तीन वर्ग असतात, ए म्हणजे देशभर, बी म्हणजे राज्याच्या सर्कलपुरतं, सी म्हणजे साधारण एका जिल्ह्याच्या पट्ट्यापुरतं. लहान वर्ग म्हणजे वाईट असं काही नाही, पण बिल कुणाच्या नावानं येतं ते बघा, आणि बिल मागाच. नुसतं फोन पेवर पैसे पाठवून "झालं मालक, चालू केलं" अशी व्यवस्था असेल तर भांडायची वेळ आल्यावर तुमच्या हातात काही नसतं.

स्पीड किती घ्यायचा यात लोक उगाच मोठेपणा करतात. नेटफ्लिक्स स्वतः सांगतं की फुल एचडीला ५ आणि फोर-केला १५ एमबीपीएस पुरतात. चार माणसांच्या घरात ५० मध्ये आरामात भागतं, घरून काम आणि दोन टीव्ही असतील तर १००. त्यापुढचे पैसे राउटरवर घाला. अपलोड किती ते मात्र विचारून घ्या, काही प्लॅनमध्ये दोन्हीकडं सारखा असतो, काहीत नसतो, आणि जाहिरातीत फक्त मोठा आकडा असतो. "अप टू" हा शब्द बघा, शंभर "पर्यंत" म्हणजे वीस दिले तरी शंभरपर्यंतच झाले. आणि नुसत्या ब्रॉडबँड या शब्दावर जाऊ नका, सरकारी व्याख्येत जानेवारी २०२३ पर्यंत ५१२ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हणत होते, आता २ एमबीपीएस केलंय. अनलिमिटेडला पण मर्यादा असते, बऱ्याच प्लॅनमध्ये महिन्याला ३३०० जीबी, ती साध्या घराला कधी संपत नाही, पण काही स्वस्त प्लॅनमध्ये ती फारच कमी असते आणि संपल्यावर स्पीड एकदम खाली. दर सांगतात त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा धरा, ४९९ चे ५८९ होतात. ओटीटी फुकट म्हणून मोठा प्लॅन घ्यायचा असेल तर त्यातली किती ॲप घरात खरंच उघडली जातात ते मोजा, आमच्याकडं बारापैकी दोन.

कॅमेरे बाहेरून बघायचे असतील, डीव्हीआरला (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा) बाहेरून आत यायची वाट, म्हणजे पोर्ट, उघडायचा असेल, तर पब्लिक आयपी, म्हणजे फक्त तुमच्याच कनेक्शनचा इंटरनेटवरचा पत्ता, मिळेल का विचारा. बऱ्याच कंपन्या एकच आयपी कितीतरी घरात वाटून देतात. राउटरच्या पानावर बाहेरचा आयपी १००.६४ ते १००.१२७ मध्ये दिसला तर समजायचं वाटून दिलाय, मग पोर्ट उघडून काही होत नाही.

बाळे गावाच्या पुढं, कुंभारीकडं, नवीन प्लॉटिंगमध्ये जिथं अजून तार पोचली नाही तिथं टॉवरवरून चालणारं एअरफायबर घेतात. अडचणीला चांगलंय. पण ते हवेतलं, टॉवर सगळ्यांचा एकच. गड्डा यात्रेच्या दिवसात होम मैदानाजवळ मोबाईलचं नेट कसं होतं आठवा, टॉवरवर गर्दी झाली की ह्याचं पण तसंच. तार मिळत असेल तर तार.

पैसे पहिल्यांदा एकाच महिन्याचे भरा. सहा महिन्यांचे भरा, एक महिना फुकट, इन्स्टॉलेशन माफ, असं सांगतात, आणि एकदा पैसे गेले की मग त्यांना घाई राहत नाही. मी एका ठिकाणी वर्षाचे भरले होते, तिसऱ्या महिन्यापासून रात्रीचा स्पीड उतरला, आणि उरलेले नऊ महिने मी त्यांच्याकडं पाहुण्यासारखा राहिलो. महिना-दोन महिने बघून, कॅलेंडरवर आकडे लिहून, मग लांबचा प्लॅन घ्या.

तक्रार करायची वेळ आलीच तर

लाइनमनला फोन करा, पण त्याच्याबरोबर ॲपवर किंवा कॉल सेंटरला पण तक्रार टाका आणि नंबर घ्या. नंबर नाही तर तक्रार नाही. "स्लो आहे" असं लिहू नका, "तारेवर, रात्री साडेनऊला, चार दिवस, ३१ आले, प्लॅन १००" असं लिहा आणि स्क्रीनशॉट जोडा. तेवढ्यानं नाही झालं तर कंपनीतच वरती अपील अधिकारी असतो, त्याच्याकडं अपील करायला पैसे लागत नाहीत, त्याचा पत्ता कंपनीच्या वेबसाइटवर कुठंतरी खाली बारीक अक्षरात असतो. लोक सरळ ट्रायला (टेलिकॉमची सरकारी नियामक संस्था) मेल करतात, पण ट्राय नियम करतं, एकेकाची तक्रार सोडवत नाही. त्यापेक्षा १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन लावा, आणि फारच झालं तर ग्राहक आयोग आहेच, टेलिफोन-इंटरनेटची भांडणं तिथं चालत नाहीत असं कंपन्या सांगायच्या, ते सुप्रीम कोर्टानं २०२२ मध्ये निकालात काढलंय. तीन-चार दिवस सलग बंद राहिलं तर तेवढे दिवस वाढवून मागा, मागितल्याशिवाय कुणी देत नाही.

बदलायचंच ठरलं तर जुनं बंद करायच्या आधी नवीन चालू करून घ्या, पंधरा दिवस दोन्ही राहू द्या, एका महिन्याचे पैसे जास्त जातील पण ऑफिसची मीटिंग वाचेल. नवीन पोरगा जुनी तार कापून स्वतःची टाकायला बघतो, कापू देऊ नका. आणि जुन्या कंपनीचा डबा परत देताना त्याच्या स्टिकरचा, अडॅप्टरचा फोटो काढा आणि पावती घ्या, निदान व्हॉट्सॲपवर "डबा मिळाला" एवढं तरी लिहून घ्या. दाजींनी शेवटी बदललंच नाही, पण त्यांच्या वरच्या मजल्यावरच्यांनी बदललं, आणि चार महिन्यांनी त्यांना जुन्या डब्याच्या डिपॉझिटवरून फोन यायला लागले. डबा कुणीतरी येऊन घेऊन गेलाय एवढंच त्यांना आठवतंय.